आधी अंदाज, मग उत्तर

"महाविद्यालयात तुम्ही ऑनलाइन रसायनशास्त्र शिकवण्याचे जे काम करता, त्याबद्दल आपल्या वार्तापत्रासाठी लिहा," असे शाळेकडून कळवले गेले, तेव्हा संगणकाच्या आधी मला आपल्याच शाळेतली आठवीतली एक दुपार आठवली.

आमच्या शास्त्राच्या बाईंनी टेबलावर काचेचा पेला ठेवला. त्यात पाणी ओतले, लाल शाई घातली, बर्फाचे खडे टाकले आणि पेला बाहेरून कोरडा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "थोड्या वेळाने बाहेरच्या बाजूला थेंब जमतील. ते लाल असतील की बिनरंगी?" आम्ही ओरडायच्या बेतात होतो, पण बाईंनी हाताने थांबवले. "तोंडाने नको. वहीत लिहा, कारणासकट. लिहून झालं की त्यावर हात ठेवा."

मी 'लाल' लिहिले होते. पाणी काचेतून झिरपते अशी माझी पक्की समजूत होती. दहा मिनिटांनी बाईंनी पेल्यावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल ओला झाला, पण त्यावर लाल डाग नव्हता. हाताखालचा माझा शब्द मला दिसत होता आणि रुमालही दिसत होता. हवेतली वाफ थंड काचेवर जमते, हे त्यानंतर मला कोणी पुन्हा शिकवावे लागले नाही.

बाईंच्या त्या दहा मिनिटांत शिकवण्याची एक मोठी गोष्ट होती. ती ओळखायला मला मात्र पुष्कळ वर्षे लागली, आणि मधल्या काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगते.

मी बडोद्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आम्हा सर्वांना रातोरात ऑनलाइन शिकवण्याची वेळ आली. मी घरातल्या एका भिंतीवर पांढरा फळा लावला आणि चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ तयार केले. पुसून पुन्हा लिही, बाहेर कुत्रा भुंकला की पुन्हा रेकॉर्ड कर, असे करत रात्रीचे दोन वाजत. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मुलांना भीती वाटू नये म्हणून कितीही वेळा उत्तर देण्याची मुभा ठेवली होती. बहुतेकांना दहापैकी दहा मिळत. मला वाटले, जमले आपल्याला.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगणार नाही. तिचे गुण नेहमी पूर्ण. पालकांना आळीपाळीने फोन करण्याचे काम आमच्याकडे होते. तिच्या वडिलांना मी सांगितले, "उत्तम चाललंय, काळजी करू नका."

महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर तोंडी परीक्षेत मी तिला सोपा प्रश्न विचारला. पाणी खळखळून उकळत असताना जे मोठे बुडबुडे येतात, त्यांत काय असते? ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन." मी पुढच्या मुलाला विचारले. तेच उत्तर. आणखी काहींना विचारले. त्यांतल्याही बऱ्याच जणांनी तेच सांगितले.

खरे उत्तर वाफ. पाण्याचा रेणू उकळताना फुटत नाही. रेणू एकमेकांपासून सुटे होतात, एवढेच. उकळताना पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होत असते, तर चहाचे आधण ठेवल्यावर खालच्या ज्योतीने रोज स्वयंपाकघरात भडका उडाला असता. हा गोंधळ काही आमच्याच वर्गाचा नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑसबोर्न आणि कॉसग्रोव्ह या संशोधकांनी शाळकरी मुलांना हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांतल्या कित्येकांनीही हेच सांगितल्याचे त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. पण माझी मुले माझे व्हिडिओ पाहून, दहापैकी दहा मिळवून आली होती.

मी त्या मुलीला विचारले, "मग तुला पूर्ण गुण कसे मिळायचे?" तिने खरे ते सांगितले, "मॅडम, चार वखत दबावीए एटले साचुं आवी ज जाय." चार वेळा दाबले की बरोबर उत्तर येतेच.

वर्षअखेर ती रसायनशास्त्रात नापास झाली. तिचे वडील भेटायला आले. आवाज चढवला नाही, खुर्चीवरही बसले नाहीत. एवढेच म्हणाले, "मॅडम, उत्तम चाललंय असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरातला एकच मोबाइल ती आणि तिचे दोन भाऊ वाटून घेत, आणि तिच्या वाट्याला रात्री अकरानंतरची पंधरा-वीस मिनिटे येत, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहायला तिला वेळच नव्हता. तिने आळस केला नव्हता. मी जे दार उघडे ठेवले होते त्यातून ती गेली होती.

त्यानंतर मी थोडे वाचायला बसले. 'ॲक्टिव्ह लर्निंग', म्हणजे विद्यार्थ्याने नुसते न ऐकता स्वतः विचार करत, बोलत, करून पाहत शिकणे, ही कल्पना नवी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वर्गात प्रश्न टाकून आधी प्रत्येकाचे उत्तर घेत, मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावत आणि पुन्हा उत्तर विचारत. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्वतः काही करायला लावणाऱ्या वर्गांत परीक्षेचे गुण सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी अधिक होते, आणि नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट होती. हे वाचून मी कागद बाजूला ठेवला. माझ्या दृष्टीने त्या दीडपटीत ती मुलगी होती.

मग व्हिडिओ बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. नियम एकच ठरवला. विद्यार्थ्याने स्वतःचा अंदाज लिहिल्याशिवाय पुढचे पान उघडणार नाही, आणि एकदा दिलेला अंदाज पुसता येणार नाही. बाईंनी वहीवर ठेवायला लावलेला हात तो हाच. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत, गुण कारण लिहिण्याला द्यायचे.

एक उदाहरण देते. दोन पदार्थ एकत्र येऊन अभिक्रिया होते, तेव्हा कोणता आधी संपणार हे ओळखणे पहिल्या वर्षाला फार जड जाते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या प्रकल्पात यासाठी ब्रेड आणि चीजचे सँडविच करण्याचा संगणकीय खेळ आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाचे खेळ विनामूल्य आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत व गुजरातीतही आहेत. मी त्या कल्पनेला बडोद्याचे रूप दिले. शेव-उसळीच्या एका बशीला दोन पाव. गाडीवर १४ पाव आहेत आणि ९ बशा भरतील एवढी उसळ आहे. किती गिऱ्हाइकांना पूर्ण बशी मिळेल, आणि उरेल काय?

येथे जवळजवळ सर्वांचे उत्तर बरोबर येते. ७ बशा, आणि दोन बशांची उसळ उरते. लगेच पुढचा प्रश्न येतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. हायड्रोजनचे १४ रेणू आणि ऑक्सिजनचे ९ रेणू घेतले, तर आधी काय संपेल? आता तीच मुले ऑक्सिजन सांगतात, कारण ९ हा आकडा १४ पेक्षा लहान आहे. गणित तेच. पाव म्हणजे हायड्रोजन आणि उसळ म्हणजे ऑक्सिजन. हायड्रोजन आधी संपतो, पाण्याचे १४ रेणू तयार होतात आणि ऑक्सिजनचे २ रेणू उरतात.

ऑनलाइन धडा तयार करण्याचे खरे कष्ट कुठे आहेत ते मला या प्रश्नाने शिकवले. चित्रे, रंग, आवाज यांना वेळ लागतो, पण त्याहून अधिक वेळ लागतो चुकीच्या उत्तरांना. पूर्वी मी चुकीचे पर्याय मनाने, घाईघाईत लिहीत असे. आता मुलांच्या वह्यांतून, त्यांच्या खऱ्या चुकांतून ते काढते, आणि प्रत्येक चुकीला वेगळा उलट प्रश्न लिहिते. 'ऑक्सिजन' म्हणणाऱ्याला पडद्यावर 'चूक' असे दिसत नाही. त्याला विचारले जाते, "ऑक्सिजनचे ९ ही रेणू वापरायचे तर हायड्रोजनचे किती लागतील? तेवढे आहेत का?" तो स्वतःच १८ पर्यंत पोचतो आणि परत येतो. अशा एका प्रश्नाच्या चार वाटा लिहायला मला एक आठवडा लागला. माझा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ एका रात्रीत होत असे.

दुसरी अडचण रसायनशास्त्राच्या स्वभावातलीच आहे. ग्लासगोचे प्राध्यापक ॲलेक्स जॉनस्टन यांनी ती फार छान मांडली आहे. ते म्हणत की रसायनशास्त्रात आपण एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलतो. डोळ्यांना दिसणारी वस्तू, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे. शिक्षक क्षणात एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि विद्यार्थी मधेच राहतो. मी मुलांना मीठ विरघळलेल्या पाण्याचे चित्र काढायला सांगितले. कागदावर काढा, फोटो घ्या, पाठवा. समीकरण सर्वांचे अचूक होते. पण चित्रांत सोडियम आणि क्लोरीन बऱ्याच ठिकाणी जोडीने, हातात हात घालून पोहत होते. विरघळताना ते सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, हे समीकरण लिहिणाऱ्या हाताला माहीत होते, डोळ्यांपुढे मात्र आले नव्हते. हलते चित्र पडद्यावर दाखवण्याचा खरा उपयोग येथे होतो, पण तोही मुलांनी आपले चित्र काढून झाल्यावर.

मोबाइलच्या पंधरा मिनिटांचा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेला नाही. म्हणून धड्यांचे लहान तुकडे केले. एक प्रश्न, एक चित्र, एक उलट प्रश्न, सात-आठ मिनिटांचे काम. व्हिडिओ जवळजवळ काढून टाकले, कारण त्यांनी मुलांचा दिवसाचा डेटा संपत असे. शेवटी तेच धडे कागदावरही आणले. वर प्रश्न, खाली अंदाजासाठी दोन ओळी, आणि त्याखाली पान दुमडून चिकटवलेल्या घड्या. उत्तर ९ आले तर ही घडी उघडा, ७ आले तर ती. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी केलेली ती पाने इतर मुलेही मागू लागली. धड्यातले जे काम मनाला करावे लागते, ते पडद्यावाचूनही होत होते.

हे सगळे मुलांना एकदम आवडले असे नाही. "मॅडम, तुम्ही शिकवत नाही, नुसतं विचारता," अशी तक्रार वर्गातून आली, एका पालकांकडूनही आली. हार्वर्डमध्ये २०१९ साली झालेल्या एका अभ्यासात असेच दिसले होते. स्वतः धडपडायला लावणाऱ्या तासानंतर विद्यार्थ्यांना वाटे की आपण कमी शिकलो, पण चाचणीत त्यांचेच गुण अधिक असत. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. धडपडताना आपले अज्ञान दिसते आणि ते कोणालाच आवडत नाही. हे मी आता पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकते.

भाषेची गोष्टही सांगायला हवी. आमच्या महाविद्यालयाचे माध्यम इंग्रजी. म्हणून गटचर्चा इंग्रजीतच करावी असे मी सुरुवातीला लिहिले होते. गट गप्प बसले. ती ओळ काढून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून गुजराती, मराठी, हिंदीत कडाक्याचे वाद सुरू झाले. संज्ञा इंग्रजी, पण "अगं, पण मग ते उरलेलं जाईल कुठे?" हा प्रश्न घरच्या भाषेतला. आपल्या बडोद्याला हे नवीन वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले, आणि त्याचे पहिले प्रमुख, रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रहच होता की तांत्रिक विषय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतून शिकवले जावेत.

पडद्याला जे जमत नाही तेही प्रामाणिकपणे लिहिते. टायट्रेशनचा धडा आम्ही संगणकावर केला. २५ मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तितक्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा ब्युरेटमधून सोडायचा. दोन्ही ०.१ मोलर असतील तर शेवटच्या टप्प्यावर अवघ्या दोन थेंबांत सामू ४ वरून १० वर जातो, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा लाख पटीने घटते. हा आलेख पडद्यावर थेंबाथेंबाने वाढताना पाहून मुलांना प्रथमच कळले की आपण त्या एका थेंबाची एवढी वाट का पाहतो. पण प्रयोगशाळेत आल्यावर त्याच मुलांनी ब्युरेटची तोटी भसकन उघडली आणि फ्लास्क गडद गुलाबी करून ठेवले. फिकट गुलाबी छटेवर थांबायचे असते हे डोक्याला ठाऊक होते, बोटांना नव्हते. तोटी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहणे खऱ्या काचेवरच शिकावे लागते. संगणकावरचा प्रयोग आदल्या दिवशी करून यावा, प्रयोगशाळेच्या बदली नव्हे, असे आम्ही ठरवले आहे.

ती मुलगी दुसऱ्या वेळी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. मधल्या महिन्यांत घड्यांची प्रत्येक नवी पाने मी आधी तिला देत असे. कुठे अडली, कुठे न वाचताच पुढे गेली, ते ती पेन्सिलीने खुणा करून आणी. एका पानावर तिने लिहिले होते, "येथे विचार न करता घडी उघडता येते." मी ते पान बदलले. माझ्या धड्यांची इतकी काटेकोर तपासणी दुसऱ्या कोणी केलेली नाही. तिचे एक वर्ष मात्र गेले, आणि ते मला भरून देता आलेले नाही.

आपल्या शाळेतही वर्गात मोठे पडदे आणि धड्यांचे तयार संच घेण्याबद्दल बोलणे चालू आहे असे ऐकते. विश्वस्तांनी ते जरूर घ्यावेत. फक्त घेण्यापूर्वी एखादा धडा स्वतः करून पाहावा आणि दोन गोष्टी तपासाव्यात. काही न लिहिता, नुसते दाबत शेवटपर्यंत पोचता येते का? आणि चुकीचे उत्तर दिल्यावर आपल्या चुकीबद्दल काही कळते, की नुसती लाल फुली दिसते? पहिल्याचे उत्तर 'हो' आले आणि दुसऱ्याचे 'लाल फुली', तर तो संच माझ्या जुन्या व्हिडिओंसारखाच आहे असे समजावे.

पालकांना एवढेच सांगते की मुलाला "धडा पाहिलास का?" आणि "किती गुण मिळाले?" असे विचारण्याऐवजी "तुला आधी काय वाटलं होतं, आणि निघालं काय?" असे विचारून पाहा. आता तर तयार उत्तर लिहून देणारी यंत्रे मोबाइलमध्येच आली आहेत. उत्तर मिळवणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. आपला अंदाज काय होता, हे मात्र ती यंत्रे सांगू शकत नाहीत.

आणि शाळेतल्या मुलांनो, आज घरी गेल्यावर पेलाभर पाण्यात बर्फ आणि थोडी लाल शाई घाला. उत्तर तुम्हाला मी वर सांगूनच टाकले आहे, तेव्हा प्रश्न थोडा बदलते. पेला काचेऐवजी मातीचा घेतला, तर पांढऱ्या रुमालावर डाग पडेल का? आधी वहीत लिहा, कारणासकट, आणि त्यावर हात ठेवा.